ठोके विस्कटल्याने ताल जिवंत होत नाही

धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या होतकरू पोरांच्या लॅपटॉपवर ढोलकी-खंजिरीचे ट्रॅक तयार होऊ लागतात. त्यांच्या मोबाइलवर एक सल्ला सतत फिरत असतो: मशीनचा ताल अचूक असतो म्हणून कोरडा वाटतो, तेव्हा सगळे ठोके निवडून 'ह्युमनाइझ' दाबावे, वेळ आणि जोर रँडम करावा, म्हणजे ताल माणसाचा होतो.

पहिली गोष्ट, मुरलेला वादक ठोका विस्कटत नाही. त्याचे मागेपुढे होणे बहुधा काही मिलिसेकंदांचे असते आणि त्याला ओघ असतो. होल्गर हेनिग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासात असे आढळले, की माणसाच्या वादनातील ही सूक्ष्म विचलने लांबवर एकमेकांशी निगडित असतात. एक ठोका मागे रेलला, तर पुढचेही काही त्याच कलाने रेलतात आणि मग सावरतात. श्रोत्यांची पसंतीही अशाच विचलनांना होती. रँडमच्या बटणाला मात्र मागचा ठोका आठवत नसतो.

हिशेब करून पाहावा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची होते. प्रत्येक ठोका २० मिलिसेकंदांपर्यंत मागेपुढे सरकू दिला, तर शेजारच्या दोन ठोक्यांतले अंतर कधी ८५, तर कधी १६५ मिलिसेकंद होऊ शकते. मी स्वतः असा एक ट्रॅक आमच्या भजन मंडळातल्या जुन्या खंजिरीवाल्या काकांना ऐकवला होता. दोन आवर्तने होताच त्यांनी विचारले, "हा पेला हाय का जी?" म्हणजे, हा वाजवणारा प्यायलेला आहे का?

जोराच्या बाबतीत तर हा सल्ला सरळच दिशाभूल करतो. मिडीमध्ये, म्हणजे संगणकावर सूर-ठोके नोंदवण्याच्या पद्धतीत, ठोक्याचा जोर १ ते १२७ या आकड्यांत लिहितात आणि केहरवा तालाच्या 'धा गे ना ती न क धी ना' या आठ बोलांपैकी प्रत्येकाचे वजन ठरलेले असते. समेचा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेचा 'धा' ११० च्या आसपास आणि 'क' ४५ च्या आसपास ठेवून पाहा. पडद्यावर सगळे जागच्या जागी असूनही ठेका चालू लागतो. रँडममध्ये कधी 'क' दणकतो आणि सम पडल्याचे कळतही नाही.

महागडी सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या बोलांचा संच, घेतली की प्रश्न मिटतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. एकाच बोलाची चार-पाच वेगवेगळी रेकॉर्डिंग आलटूनपालटून वाजली तर टाइपरायटरसारखी टकटक जाते, एवढा लाभ निश्चित. परंतु घुमारा कुठे काढायचा आणि हात कुठे आवरायचा, हे लायब्ररी ठरवत नाही.

शिवाय लय एकाच आकड्यावर बांधून ठेवली, तर बाकी मेहनत वाया जाते, कारण आमच्याकडचे भजन संथ सुरू होते आणि गजरापर्यंत चढत जाते. टेम्पोची ही चढण हातानेच आखावी लागते. मी आता खंजिरीचा भाग कीबोर्डवर बोटांनी वाजवून घेतो आणि क्वांटाइझ, म्हणजे ठोके अचूक जागी ओढण्याची सोय, पन्नास टक्क्यांवर थांबवतो, म्हणजे ठोका ग्रिडवरच्या अचूक जागेकडे निम्माच सरकतो आणि बोटांचा कल शिल्लक राहतो. काकांनी परवा तो ट्रॅक शेवटपर्यंत ऐकला आणि गजराची चढण जरा लवकर सुरू झाली, एवढीच तक्रार केली.