वरातीत नाचणारा काका

सकाळी सकाळी घरच्या ग्रुपवर चुलतभावानं दोन बहिणींवरच्या एका सिनेमाचं पोस्टर टाकलं. खाली लिहिलंय, 'बहिणी असाव्यात तर अशा.' त्यावर अंगठ्यांची रांग. माझं डोकंच उठलं. अरे, दोन्ही आत्या त्याच ग्रुपवर आहेत, जरा तरी लाज!

सिनेमा मीही बघितलाय. दोघी बहिणी, धाकटीचं प्रेमप्रकरण, घरात दडवलेलं जुनं गुपित, गुन्हा, पोलिसांची पळापळ. हसू येतं, खोटं कशाला बोलू. थोरलीचं काम केलेली बाई तर नाद खुळा. पण गुपित फुटल्यावर दोघी एकमेकींवरच तुटून पडतात, मग रडून गळ्यात पडतात. आणि ज्या काकानं मूळ घोटाळा केला, तो शेवटी धाकटीच्या वरातीत फेटा बांधून नाचतो! त्याला कुणी काही विचारतच नाही.

आमच्या घरात हेच झालंय.

धाकट्या आत्याचं जमलं होतं तेव्हा चिठ्ठ्या पोचवायला थोरलीच. घरी सांगायचं 'अंबाबाईला जातो' आणि गाठायचा रंकाळा. थोरली लांब कठड्यावर बसून पहारा द्यायची. अजून ते सांगताना दोघी तोंडाला पदर लावून हसतात.

आजोबा गेले 2006 ला. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला 1994 ला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून, त्यामुळं आत्या त्यात बसत नव्हत्या. हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि बसल्या. म्हणूनच तर काकांची घाई. "आक्का, वारस लावायचाय, दोघींच्या सह्या पायजेत." धाकटीनं न वाचता सही केली. थोरलीनं वाचलं. हक्कसोडपत्र होतं. तरी सही केली आणि गप्प बसली, माहेर तुटेल म्हणून. आमच्या बाबांनाही सगळं ठाऊक होतं, हेही लिहूनच टाकते.

पुढं रस्त्याकडेचं उसाचं रान विकायला निघालं, तेव्हा धाकटी भाबडेपणानं विचारायला गेली, "माझी सही लागणार न्हाई व्हय?"

आणि आपण वाटा सोडलाय हे कळल्यावर ती रुसली कुणावर? थोरलीवर, वाचूनही गप्प बसली म्हणून! काकांकडं पंचमीला गेली, भाऊबीजेला ओवाळून गांधीनगरातनं घाऊक आणलेली साडी घेऊन आली. बोलणं बंद ते आक्काशी. वकिलानं सांगितलं होतं, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांत दिवाणी दावा लावता येतो. ती 3 वर्षं तिनं बहिणीवर रुसण्यात घालवली. हेच मला सहन होत नाही. फसवणारा एक, आणि माफीचा सगळा कारभार दोन बायकांनी आपसात उरकायचा. हे काय चाललंय?

सगळे भाऊ तसले नसतात, मान्य. स्वतःहून वाटा देणारेही बघितलेत. कॉमेडीला कोर्ट करू नये, तेही बरोबर. पण काका चारशेवीस निघाला की हशा कसा पिकतो हो? (नव्या न्याय संहितेत ते फसवणुकीचं कलम 318 झालंय म्हणे, कोल्हापुरात शिवी अजून चारशेवीसच.) त्याच्या जागी धाकटीनं नुसता आपला वाटा मागितला असता, तर याच थेटरातल्या लोकांनी तिला खलनायिका केलं असतं. पैज लावा.

असो. मिटवलं शेवटी मामांनी, म्हणजे धाकट्या आत्याच्या नवऱ्यानं, त्याच चिठ्ठ्यावाल्या. थोरलीला स्कूटरवर मागं बसवून थेट दारात आणलं आणि बायकोला म्हणाले, "हिनं आपलं लगीन जुळवलंय. हिच्याशी बोलायचं नसंल तर मलाबी परत कर." धाकटी आधी चिडली, मग असली हसली की बाजूच्या घरातल्या बायका बघायला आल्या. हा सीन कुठल्या सिनेमात आहे, दाखवा मला.

ज्यांना आवडला त्यांनी खुशाल दोनदा बघा. पण पुढचा भाग कुणी काढणार असेल, तर पहिल्या रिळातच त्या काकाला आत टाका. प्रेमबिम नंतर बघू.