लिफ्ट केली, अलाइनमेंट केलं, एवढ्यावर भागत नाही

थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्या उंच करून घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. तो साधारण असा: दोन इंचांपर्यंतच्या लिफ्टला कंट्रोल आर्मना (चाकं चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांना) हात लावायची गरज नाही, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले की गाडी सरळ चालते. स्टिअरिंग हलकं लागलं तर काम झकास झालं समजा. त्याहून मोठी लिफ्ट असेल तर जाड पाइपचे आर्म टाका, गाडी जास्त फ्लेक्स होते, म्हणजे चाकं जास्त वरखाली होतात. ते आर्म फॅब्रिकेटरकडून निम्म्या पैशांत करून मिळतात. आर्मच्या सांध्यात रबराऐवजी पॉली (पॉलियुरेथेनचे) बुश टाकले की जन्मभर बघायला नको. आणि आर्म गाडीखाली असतात, आरटीओला दिसतात कुठे?

हा सल्ला मानून लोक गाडी उंच करतात आणि त्याच आठवड्यात बायकामुलांना घेऊन एक्स्प्रेसवेला लागतात. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणं मला गरजेचं वाटतं.

सगळ्यात घातक मुद्दा पहिलाच आहे, अलाइनमेंटचा. पुढचा अ‍ॅक्सल सॉलिड (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या जिम्नीत, अलाइनमेंटवाला टाय रॉड फिरवून फक्त टो, म्हणजे दोन चाकांची समांतरता, जुळवतो. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, बदलायला कंपनीने तिथे सोयच दिलेली नाही. मशीन कॅस्टर मोजतं, पण दुरुस्त करत नाही. लिफ्ट केलेल्या गाडीचा प्रिंटआउट नीट वाचा: टोचे आकडे हिरवे असतात आणि कॅस्टरचा आकडा लाल असतो. गाडी हातात देताना त्या लाल आकड्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

तो लाल का होतो, ते साध्या भूमितीत आहे. जिम्नीचे पुढचे आर्म मागे चासीला आणि पुढे अ‍ॅक्सलला धरलेले असतात. अ‍ॅक्सलच्या टोकाला प्रत्येक आर्मचे दोन बोल्ट असल्यामुळे आर्म फिरला की अख्खा अ‍ॅक्सल त्याच्याबरोबर फिरतो. स्प्रिंग उंच टाकल्या की चासीकडचं टोक वर जातं, आर्म पुढे झुकतो आणि अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे कलतो. आर्मची लांबी ८०० मिमी धरली, तर ५० मिमी लिफ्टने हा कोन सुमारे साडेतीन अंशांनी बदलतो. कंपनीचा मूळ कॅस्टरच मोजक्या अंशांचा असतो. म्हणजे ‘फक्त दोन इंच’ म्हणता म्हणता त्यातला मोठा हिस्सा गेलेला असतो.

सायकलचा पुढचा फोर्क मागे कललेला असतो, हात सोडले तरी सायकल सरळ जाते त्यात त्याचा वाटा असतो. गाडीत तेच काम कॅस्टर करतो. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. तो कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं, आणि इथेच लोक फसतात. गल्लीत, पार्किंगमध्ये हे हलकेपण सुखाचं वाटतं. ताशी ८०-९० किमीला तीच गाडी रस्त्यावर भरकटायला लागते, शेजारून ट्रक गेला की हलते, आणि घाटात वळण संपल्यावर स्टिअरिंग हाताने परत आणावं लागतं. तेव्हा लिफ्टनंतर स्टिअरिंग हलकं झालं असेल, तर आधी कॅस्टर मोजून घ्या.

यावर दरवेळी नवे आर्मच लागतात असं मात्र नाही. जिम्नीसाठी केंद्र सरकवलेले कॅस्टर बुश मिळतात, आर्मचं चासीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट मिळतात, आणि कोन सुधारून बनवलेले पूर्ण आर्मही मिळतात. थोड्या लिफ्टला बुश पुरतात. ब्रॅकेट स्वस्त पडतात, पण ते चासीखाली लोंबतात आणि दगडाला आधी तेच लागतात. पूर्ण आर्म महाग, पण मला सर्वांत पटणारा उपाय तोच. फक्त कॅस्टर परत आणताना डिफरन्शियलचं तोंड खाली जातं आणि त्याला इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्यातून कंपन येऊ शकतं. त्यामुळे मूळ आकडा शंभर टक्के गाठायचा हट्ट न धरता, रस्त्यावर गाडी सरळ राहील इतका कॅस्टर मिळवून थांबणारा मेकॅनिक शोधावा. आणि पॅनहार्ड रॉड (धुरा आडवा सरकू नये म्हणून धरणारा दांडा) विसरू नका. लिफ्टने अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो, तो जागेवर आणायला लांबी बदलता येणारा रॉड लागतो.

२०२० पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक आर्म. इथे प्रश्न वरच्या आर्मचा आणि त्याच्या बॉल जॉइंटचा. स्ट्रटवर (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीवर) उंची वाढवणारा स्पेसर बसवला की गाडी उभी असतानाच आर्म खाली झुकलेले असतात. बॉल जॉइंटला फिरायला ठरावीक कोन असतो. त्यातला बराचसा उभ्या उभ्याच खर्च झाला, तर चाक खड्ड्यात सुटताच जॉइंटचा दांडा आपल्याच कडेवर आपटतो. हे ऐकू येईलच असं नाही. आधी जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटतं, मग ग्रीस जाऊन पाणी शिरतं, मग जॉइंट ढिला पडतो. बदली वरच्या आर्ममध्ये हा जॉइंट नव्या उंचीला साजेशा कोनात बसवलेला असतो आणि थोडा कॅस्टरही परत मिळतो. त्या आर्मचे पैसे यासाठी मोजायचे.

जुन्या थारचे, म्हणजे २०१० ते २०२० मधल्या टॉर्शन बारवाल्या (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या) गाडीचे, काही मालक बार आवळून फुकटात उंची मिळवतात. ते मला अजिबात पसंत नाही. उंची वाढते, पण चाकाला खाली सुटायला जागाच उरत नाही. गाडी प्रत्येक गचक्याला ठोकर खाते आणि चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचे सांधे (सीव्ही जॉइंट) कायम वाकड्या कोनात चालतात.

‘जाड आर्मने फ्लेक्स वाढतो’ हे तर सरळ चूक आहे. चाक किती वरखाली होणार हे शॉकअपची लांबी, बंप स्टॉप (चाकाला वर अडवणारा रबरी अडसर) आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन ठरवतात. आर्म फार तर आड येत नाही, इतकंच. जाडीने ताकद वाढते हे खरं, पण ती कुठे हवी ते बघायला हवं. डबल विशबोनमध्ये स्प्रिंग बहुधा खालच्या आर्मवर टेकते, गाडीचा भार तोच झेलतो. वरच्या आर्मवर जाड पाइप लावून हाती फारसं काही लागत नाही. सॉलिड अ‍ॅक्सलच्या खालच्या आर्मवर मात्र दगड थेट आदळतात, तिथे मजबुतीला अर्थ आहे. तरीही आर्म वाकेनासा झाला की तोच धक्का पुढे चासीवरच्या ब्रॅकेटकडे जातो. वाकलेला आर्म बोल्ट काढून बदलता येतो, फाटलेलं ब्रॅकेट बदलायला चासी उघडी करावी लागते.

फॅब्रिकेटरच्या आर्मबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही: चालत्या गाडीच्या स्टिअरिंगशी जोडलेला भाग असा करून घेऊ नका. बंपर, कॅरियर, रॉक स्लायडर खुशाल करून घ्या. आर्मची गोष्ट वेगळी, कारण तो लाखो वेळा कमीजास्त ताण सोसतो. असा भाग बहुधा वेल्डच्या कडेला, तापून गुण बदललेल्या पट्ट्यात तडकतो. ती तडक रंगाखाली दिसत नाही. पोलाद कोणतं, आत वेल्ड किती उतरलं, दोन्ही बाजूंची लांबी एकसारखी आहे का, हे तपासायची सोय त्या दुकानात नसते. माणूस कितीही कुशल असला तरी त्याला हे डोळ्यांनी कळणार नाही.

आरटीओचा मुद्दा थोडक्यात. आर्मची नोंद आरसीवर नसते, हे बरोबर. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार गाडीचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर गाडीखाली बघतोच. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा.

राहिले पॉली बुश. ते तेलाला दाद देत नाहीत आणि चटकन चिरत नाहीत, पण त्यांना ग्रीस लागतं, आणि कोकणातल्या लाल चिखलात चार दिवस घालवले की कुरकुर सुरू होते. जिम्नीच्या पुढच्या, दोन बोल्टांनी धरलेल्या आर्ममध्ये (रेडियस आर्म) अडचण आणखी खोल आहे. एक चाक वर, एक खाली अशा वेळी अ‍ॅक्सलला पीळ बसतो आणि तो सोसण्याचं काम बुशच्या लवचिकपणावर सोपवलेलं असतं. कडक बुश टाकला की तेवढाच फ्लेक्स घटतो आणि ताण ब्रॅकेटवर जातो. माझं मत रबराच्या बाजूने आहे. मात्र रबरी बुश धातूला चिकटवलेला असतो आणि आतल्या आत पिळला जातो. गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना बोल्ट आवळले, तर गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हातानेच लावायचे, गाडी चारही चाकांवर उतरवून दोनचार वेळा दाबून हलवायची, आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. काही शे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा तपासून घ्या.