कारल्याच्या रसाने जंत पडत नाहीत, आतड्यात टेस्ट रिसेप्टर असले तरी

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आला. म्हणे आतड्यात पण जिभेसारखे टेस्ट रिसेप्टर, म्हणजे चव ओळखणारी प्रोटीन, असतात, रोज सकाळी अनशापोटी कारल्याचा किंवा दुधीचा कडू रस घेतला की ते जागे होतात, इम्युनिटी वाढते, जंत आपोआप पडतात, पोरांना गोळी द्यायची गरज नाही, आणि जितकं कडू तितकं चांगलं. यात थोडं खरं मिसळलंय म्हणून लोकांना पटतं, त्यामुळे एकेक मुद्दा घेते.

रिसेप्टर असतात हे खरंय. पण म्हणून आतड्याला कारलं कडू लागत नाही. आतड्याच्या अस्तरात टफ्ट सेल नावाच्या अगदी मोजक्या पेशी असतात, टोकाला केसांचा झुबका असल्यासारख्या दिसतात, आणि जिभेवरच्या पेशी चव ओळखायला जी प्रोटीन वापरतात, म्हणजे गस्टड्युसिन, टीआरपीएम५ वगैरे, त्यातली बरीचशी यांच्यात पण असतात. फक्त त्यांचा निरोप मेंदूला "कडू" म्हणून जात नाही, तो जातो शेजारच्या इम्यून पेशींना.

आता जंत. इथे थोडं थांबूया कारण खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे. २०१६ मध्ये तीन वेगवेगळ्या टीमनी उंदरांवर दाखवलं की पोटात जंत झाले की टफ्ट सेल आयएल-२५ नावाचा सिग्नल सोडतात, त्याने आयएलसी२ नावाच्या इम्यून पेशी आयएल-१३ हा दुसरा सिग्नल बनवतात, मग अस्तरात चिकट म्युकस बनवणाऱ्या पेशी वाढतात, टफ्ट सेल स्वतः पण वाढतात, आणि जंत बाहेर ढकलले जातात. म्हणजे घंटा वाजवतो तो परजीवीच, आपला ज्यूस नाही! २०१८ मध्ये कळलं की आतड्यातला एक परजीवी प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) सक्सिनेट नावाचं जे रसायन सोडतो ते टफ्ट सेलना कळतं, आणि त्याचा रिसेप्टर कडू-गोडवाल्यांपैकी नाहीच.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती लपवणार नाही. २०१९ च्या एका अभ्यासात ट्रायकिनेला या जंताचा अर्क उंदराच्या टफ्ट सेलमधल्या कडू रिसेप्टरनी ओळखला. पण तो जंताचाच अर्क होता आणि उंदराचं आतडं होतं, तिथून "कारलं प्या, जंत पडतील" इथवर उडी मारता येत नाही.

"इम्युनिटी वाढते" हे तर मला सगळ्यात जास्त खटकतं. जंत ढकलणारी ही जी इम्यून साखळी वर सांगितली, जिला टाइप २ रिस्पॉन्स म्हणतात, तीच ॲलर्जी आणि दम्यात पण असते, ती उगाच कायम चालू राहिली तर त्रासच होणार, त्यामुळे नुसतं वाढणं म्हणजे चांगलं असं नसतं.

आणि "जितकं कडू तितकं चांगलं" हे सरळ धोकादायक आहे. कडू निघालेल्या दुधीत कुकुरबिटासिन हे कडू विषारी द्रव्य जास्त असतं, त्याने उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होते, आपल्या देशात माणसं गेलीयत त्याने. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलंय की दुधीचा रस कडू लागला तर पिऊ नका, टाकून द्या. कारलं मुळातच कडू, त्याची भाजी खुशाल खा, मला स्वतःला खूप आवडते. पण शुगरची गोळी चालू असेल आणि वर रोज कारल्याचा रस घेत असाल तर शुगर खाली जाऊ शकते, डॉक्टरांना आधी विचारा.

राहिली गोळी. अंगणवाडीत आणि शाळेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना जी अल्बेंडाझोलची गोळी देतात ती फुकट असते, ती जंतांवरच काम करते. माझ्या वहिनीने या मेसेजमुळे भाचीला ती द्यायची टाळली होती, म्हणून एवढं लिहिलं. काल तिच्याशी फोनवर बोलले, मॉप-अपच्या दिवशी, म्हणजे राहिलेल्या मुलांना गोळी देतात त्या दिवशी, देते म्हणालीय.