पाली पकडून सापाला घालू नका
बॉल पायथनचं (पाळला जाणारा छोटा आफ्रिकन अजगर) पिल्लू खात नसेल तर घरातल्या पाली द्या, फुकटचं खाणं, असं एका लेखात लिहिलंय ते वाचून राहवलं नाही भाऊ. आमच्या रावेर-यावलकडे केळीवर फवारणी, घरात झुरळाचा स्प्रे, पाल तेच किडे खाते आणि ते विष सापाच्या पोटात, शिवाय पालीतले जंतही सापात जाऊ शकतात. कवड्या साप पालींवरच जगतो हे खरंय, पण तो मोकळा फिरणारा, पिंजऱ्यात ताणात असलेल्या पिल्लाला जंत लवकर लोळवतात. त्यापेक्षा उंदराच्या मेलेल्या गुलाबी पिल्लाला पालीचा वास चोळून बघा, कधीकधी पकडतं, मग वास हळूहळू कमी करत जायचा. आणि फ्रीझरमधला उंदीर कोमट पाण्यात आतपर्यंत वितळवूनच द्या प्लीज.