जमीन जाणारच आहे, तर नीट घालवा

सर्वप्रथम अभिनंदन. देशाला रस्ता हवा होता, धरण हवं होतं, किंवा विमानतळ; आणि एवढ्या मोठ्या नकाशावर लाल रेघ आली ती नेमकी तुमच्या गटातून. हा मान पलीकडच्या फार्महाऊसलाही मिळालेला नाही. रेघ तिथे जरा वळली आहे खरी, पण ती तांत्रिक कारणाने.

उगाच भांडायला उठू नका. मालमत्तेचा हक्क मूलभूत होता तो जमाना गेला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढून कलम ३००अ मध्ये नेऊन ठेवला. म्हणजे कायद्याने घेतली तर जमीन घेता येते, आणि कायद्यांची आपल्याकडे टंचाई नाही. १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा आपण २०१३ संपेपर्यंत जपून वापरला. त्यानंतर आलेल्या नव्या कायद्याच्या तर नावातच ‘वाजवी भरपाई’ आणि ‘पारदर्शकता’ आहे. नावात आहे म्हणजे मिळणारच, तेव्हा निर्धास्त राहा.

अधिसूचना राजपत्रात येते. राजपत्र कोणी वाचत नाही हे सरकारलाही ठाऊक आहे, म्हणून ती वर्तमानपत्रातही छापतात, बारीक अक्षरांत, गट नंबरांच्या तक्त्यासह. राष्ट्रीय महामार्ग असेल तर हरकतीला २१ दिवस. हे दिवस वारी, लग्नसराई किंवा भावकीच्या भांडणात सहज निघून जातात. जाऊ द्या.

मोजणीच्या दिवशी शेतावर थांबू नका. भूमी अभिलेखवाले येतील, तलाठी येतील, ज्यांना जमीन हवी आहे त्यांचा माणूस येईल. तिघं मिळून तुमची विहीर शोधतीलच. नाही सापडली तर ती नव्हतीच असं समजा. कारण सातबाऱ्यावर तरी ती कुठे आहे? डाळिंबाची बाग उभी आहे आणि पीक पाहणीत बाजरी लागली आहे, वारसनोंद आजोबांपाशी अडली आहे, बहिणींची नावं ‘पुढच्या वेळी’ लावायची आहेत. हे सगळं असंच राहू द्या. निवाड्यात, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या सरकारी आदेशात, जमीन जिरायत म्हणून येईल आणि मोबदल्याची बातमी फुटली की मुंबईच्या चुलतभावाला गावची ओढ लागेल. मग वाटणीचा वाद होईल, रक्कम कोर्टात जमा होईल आणि तिथे ती तुमच्यापेक्षा सुरक्षित राहील.

दर कसा ठरतो, यावर मात्र सरकारला फार दोष देऊ नये. आधीच्या तीन वर्षांतली आसपासची खरेदीखतं काढतात, त्यातली वरच्या दरांची अर्धी घेतात आणि सरासरी लावतात. ती खतं कोणी केली? आपणच. मुद्रांक शुल्क वाचवायला गावाने वर्षानुवर्षं चाळीस लाखांचा व्यवहार आठ लाखांना दाखवला आणि उरलेले पिशवीतून दिले. आता सरकार त्याच कागदांवर बोट ठेवून विचारतं, तुमचाच भाव आहे ना? याला काय उत्तर द्यायचं ते मलाही सुचलेलं नाही. ग्रामीण भागासाठी दर वाढवणारा गुणांक आहे, वर जमीन सक्तीने घेतल्याबद्दल शंभर टक्के दिलासा रक्कम आहे, पण आठ लाखांना कितीही गुणलं तरी मूळ आठच.

निवाडा झाला की चेक घ्या आणि दाखवतील तिथे सही करा. ‘वाढीव मोबदल्याचा हक्क राखून रक्कम स्वीकारत आहे’ असं एक वाक्य लिहायची काही लोकांना खोड असते. जुन्या कायद्याच्या कलम १८ खाली कोर्टात जाण्याचं दार त्या वाक्यावर उघडं राहायचं. तुम्ही मात्र साहेबांचा वेळ घेऊ नका. नव्या कायद्यात निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला कलम ६४ खाली दाद मागायला सहा आठवडे मिळतात. पेढे वाटण्यातच ते संपतात. शेजारचा भांडून वाढीव दर घेऊन आला, तर त्याच अधिसूचनेतल्या बाकीच्यांनाही निकालापासून तीन महिन्यांत अर्ज करून तो दर मागता येतो. ही तरतूद फारशी कोणी सांगत नाही, आणि शेजाऱ्याशी तुमचं बोलणं नसतंच.

मुदतीचा विषय निघालाच आहे तर एक फरक समजून घ्या. तुम्हाला उशीर झाला तर तुम्ही झोपला होता. सरकारला उशीर झाला तर फाईल फिरत होती. १९८७ साली अनंतनागच्या जिल्हाधिकाऱ्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, तेही वाढीव मोबदल्याविरुद्धच्या अपिलाचंच. चार दिवसांचा उशीर माफ करताना न्यायालयाने म्हटलं की टिपणं लिहायची, फाईल पुढे ढकलायची आणि जबाबदारी दुसऱ्यावर टाकायची ही सरकारी रीत पाहता असा उशीर समजण्यासारखा आहे, मान्य करणं मात्र कठीण. मान्य करणं कठीण, म्हणून माफ केला.

महामार्गात गेलात तर आणखी मजा. तिथे दर पटला नाही तर लवाद, आणि लवाद नेमणार केंद्र सरकार. तो बहुधा महसूल खात्यातलाच मोठा अधिकारी असतो. त्याचाही आकडा कमी वाटला तर कोर्ट. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टाला तो निवाडा रद्द करता येईल, त्यातला आकडा बदलता येणार नाही. २०२५ मध्ये घटनापीठाने मर्यादित बाबतींत निवाडा बदलायला थोडी फट ठेवली. तेवढ्यात तुमच्या शेतावर टोलनाका उभा राहिला असेल तर फास्टॅग लावून जा.

खरी पात्रता एकच, दीर्घायुष्य. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ साली एका निरक्षर विधवेची जमीन रस्त्यासाठी घेतली, संपादनाची कारवाई न करताच. २०२० मध्ये त्या ऐंशीच्या घरात असताना सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली. राज्य सरकारचा बचाव ऐकण्यासारखा होता: इतकी वर्षं ताबा आमच्याकडेच आहे, तेव्हा जमीन आमचीच. पुण्याच्या पाषाणमधली चोवीसेक एकर जमीन साठच्या दशकात सरकारने ताब्यात घेतली. कोर्टात हरल्यावर बदली जमीन दिली, ती पुढे वनजमीन निघाली. २०२४ मध्ये भरपाईचा आकडा ठरवताना सरकार इतकं रेंगाळलं की लाडकी बहीण योजना थांबवू, असं सर्वोच्च न्यायालयाला सुनवावं लागलं. तेव्हा आजपासूनच पहाटे फिरायला जा, मीठ कमी करा, आणि नातवाला वकिली शिकवा.

व्याजाची काळजी नको. पहिल्या वर्षी नऊ टक्के, पुढे पंधरा. इतका दर कुठली बँक देते? सरकार अपिलात जाऊन स्थगिती आणतं तेव्हा ते एका अर्थी तुमची मुदत ठेवच वाढवत असतं. ते व्याज शेवटी करदात्यांच्या खिशातून जातं आणि अपील करायचा शेरा मारणारे साहेब तोवर निवृत्त झालेले असतात.

एवढ्यावरही जिंकलात आणि पैसे आलेच नाहीत, तर दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावा. एके दिवशी कोर्टाचा बेलीफ घेऊन तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात जप्तीला जाल. खुर्च्या, संगणक, साहेबांची गाडी, जे हाताला लागेल ते. वर्तमानपत्रात फोटोही येईल. तारखेची मुदत मागणारा अर्ज घेऊन सरकारी वकील जिन्यातच भेटतील, म्हणून खुर्च्या आधी उतरवून घ्या, कपाटाच्या नादी लागू नका. टेम्पो आणि हमाल तुमचे तुम्ही आणायचे असतात. त्यांच्या पावत्या जपून ठेवा. तो खर्च सरकारकडून वसूल करता येतो का हे वकिलांना विचारा. येत असेल तर त्याचाही अर्ज करावा लागेल, मुदतीत.