गुहेतला दगड आणि आमची बोअर

मेघालयातल्या मावम्लुह गुहेच्या लवणस्तंभातल्या (ठिबकत्या पाण्यातून थराथरानं साचलेल्या चुन्याच्या खांबातल्या) जड-हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून भूवैज्ञानिकांनी ४२०० वर्षांपूर्वीचा कमजोर मान्सून कसा ओळखला, ते तुमच्या लेखात वाचलं आणि आजोबा आठवले. १९७२ ला ते सांगोल्याकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. ती दोन-तीन वर्षांची ओढ होती, तरी घरं मोडली. ४२०० वर्षांपूर्वी तर पिढ्यान्‌पिढ्या चाललेला दुष्काळ!

आपल्या सोलापूरच्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि मुरमात. तरी उजनी धरणाच्या भरवशावर आपण ज्वारी मोडून ऊस लावला. माझ्याही दोन बोअर आहेत, त्यातली एक कोरडी पडलीय. यंदा मी त्या रानात पुन्हा मालदांडी ज्वारीच पेरणार. दख्खनच्या जुन्या पावसावरही असंच सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.