चार चाकांची यामाहा

फोंड्यात 'सेकंड हँड यामाहा हवीय' असं म्हटलं की लोक मदतीला धावून येतात. दूधवाल्याच्या मेव्हण्याकडे एक आरएक्स १०० होती, टाकीचा रंग मूळचा, कागदपत्रं चोख. गॅरेजवाल्या भाऊंनी "आधी सायलेन्सरचा आवाज ऐकून घे" असा सल्ला दिला. मी म्हटलं, "भाऊ, पियानो हवाय." त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं.

खरं म्हणजे भाऊ फार लांब नव्हते. दोन्ही यामाहा एकाच घराण्यातल्या. युद्धाच्या काळात पियानोच्या कंपनीने विमानांचे पंखे केले, युद्ध संपल्यावर ती यंत्रं पडून राहिली आणि १९५५ साली त्यांच्यातून पहिली मोटारसायकल निघाली. बाइकच्या टाकीवर असतं ते चिन्ह म्हणजे एकमेकांवर आडवे ठेवलेले तीन ट्यूनिंग फोर्क. हे सगळं मी भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण अ‍ॅव्हरेज काय देते?"

मुलगी मडगावला पियानो शिकते. कीबोर्डवर बोटांना जोर येत नाही, असं तिच्या टीचरनी कळवलं, आणि नव्या पियानोची किंमत ऐकून आमच्या बोटांतलाही गेला. म्हणून सेकंड हँड. बाबांचा तत्त्वतः विरोध होता. "माझ्या पेटीत साडेतीन सप्तकांत भजन, आरती, नाट्यपद सगळं मावतं. तुम्हाला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या कशाला? तेवढा कोण गातो?" मग मी त्यांना तोराकुसु यामाहांची गोष्ट सांगितली. १८८७ साली हामामात्सूच्या शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन, म्हणजे पायपेटीच, या माणसाने दुरुस्त केला, नंतर तसाच एक स्वतः बनवला आणि तो खांद्यावरून हाकोनेचे डोंगर ओलांडत टोकियोला नेला. तिथे जाणकारांनी सांगितलं, सूर बरोबर लागलेले नाहीत. "म्हणजे मूळचा पेटीवालाच की!" बाबा म्हणाले आणि निम्मे विरघळले.

दुकानातला पियानो इतका चकाकत होता की त्यात भांग पाडता आला असता. पारखायला सोबत नेलेल्या ट्यूनरने, म्हणजे पियानोचे सूर लावणाऱ्याने, आत हात घातला, बाहेर काढला, रुमालाला पुसला आणि बोलला नाही. आम्ही निघालो.

मग लोटलीची आंटी कळली. नवरा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला होता, त्याने हौसेने यामाहाचा उभा पियानो आणला. आता तो नाही आणि मुलं इंग्लंडात, स्विंडनला. पियानोवर क्रोशाचं कापड, त्यावर बाळयेशू, लग्नाचे फोटो, फ्लास्क आणि रक्तदाब मोजायचं मशीन. "कोणेच वाजोवंक ना पुता, नवोच आसा," आंटी म्हणाली. न वाजलेला पियानो नवा राहतो, ही समजूत गोव्यात फार पसरलेली आहे. वाळवीचीही तीच समजूत असावी.

किमतीचा विषय बिबिंक, म्हणजे थराथरांचा गोव्याचा केक, संपेपर्यंत निघाला नाही. तोवर आमचं गाव, कुलदैवत, मुलीचे मार्क आणि घराला गळती आहे का, एवढं विचारून झालं होतं. आमच्या लग्नाच्या वेळी बायकोच्या माहेरच्यांनी इतकी चौकशी केली नव्हती.

ट्यूनरने वरचं झाकण उघडून टॉर्च मारला. लोखंडी फ्रेमवरच्या नंबरावरून साल निघालं, १९७४. आत सापडलेल्या वस्तू: एक कंगवा, जपमाळेचे मणी, पालीची अंडी. हातोड्यांचा नमदा कसरीने थोडा खाल्लेला, पण चालण्यासारखा. त्याची खरी काळजी खुंट्यांची होती. सव्वादोनशेच्या आसपास तारा, त्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टन, आणि प्रत्येक तारेची खुंटी लाकडात ठोकलेली, नुसत्या घट्टपणावर उभी. ते लाकूड एकदा ढिलं पडलं की सकाळी लावलेला सूर संध्याकाळी उतरतो. मग बाहेरून कितीही पॉलिश मारा. त्याने एकेक खुंटी किल्लीने किंचित फिरवून पाहिली. आंटी दर खुंटीला क्रूस काढत होती. खुंट्या धरून होत्या. भाव ठरला तो आंटीने सांगितला तोच, कारण घासाघीस करायला तोंड बिबिंकने चिकटलेलं होतं.

पियानोला खाली चार चाकं असतात. ती दिखाऊ असतात. दोनशे किलोंच्या वरचं हे धूड सहा जणांनी बालकांवाच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, पायऱ्या उतरवलं, तेव्हा आतून असा काही सूर निघाला की शेजारचा कुत्रा घरात गेला. पिकअपवाल्याला रासईहून फेरीबोटीने दुर्भाटला जायचं होतं, जवळ पडतं म्हणून. जुवारीच्या पात्रात पियानो झुलताना मला डोळ्यांपुढे दिसला आणि मी बोरी पुलाचा आग्रह धरला. मागे दोरी धरून बसलेले भाऊ सगळ्या वाटेने ओरडत होते, "हळू! यामाहा आहे!"

घरी आल्यावर ट्यूनरने दोन हुकूम सोडले: वर काही ठेवायचं नाही, आणि पावसाळ्यात आत पंचवीस वॅटचा बल्ब कायम जळता ठेवायचा. त्या उबेला आमचं मांजर पियानोवर येऊन झोपतं, त्यामुळे पहिला हुकूम पहिल्याच आठवड्यात मोडला.

चवथीला मुलीने आरतीच्या साथीला बसायचं ठरवलं. घुमट, शामेळ, कांसाळें, बाबांची पेटी आणि पियानो. 'सुखकर्ता' सुरू झालं आणि बाबा थांबले. आषाढ-श्रावणाच्या दमटपणात आतला लाकडी पडदा फुगतो, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. फार नाही, पेटीशी भांडण्यापुरता. मी ट्यूनरला फोन लावला. तो म्हणाला, हवा कोरडी झाल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही, दिवाळीनंतर येतो, तोवर पेटी बंद ठेवा.

मी निरोप बाबांना दिला. बाबांनी भाता सोडला नाही. "त्याला सांग," ते म्हणाले, "पेटीला बल्ब लागत नाही."